धूरमास्तरांची चूल

माणूस पहिल्यांदा कुणाकडे जेवायला गेला की बाहेरच्या खोलीत बसतो, पेलाभर पाणी पितो आणि "हवा बरी येते हो तुमच्याकडे" असं काहीतरी म्हणतो. धूरमास्तर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले ते चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरले. चुलीपाशी उभे राहून मान वर करून पत्र्यांकडे बघत राहिले, आणि मला, म्हणजे लग्न होऊन वर्षही न झालेल्या बाईला, म्हणाले, "वहिनी, तुमचा धूर कुठून जातो?"

माझ्या हातातली पळी हातातच राहिली. परका पुरुष असा चुलीपर्यंत येतो हे मी माहेरी कधी पाहिलं नव्हतं. पण माझी जीभ लग्नाआधीपासूनच तिखट. मी म्हटलं, "दारातून जातो. तुम्ही आलात ना, तिथूनच." बाहेर आमचे हे उगाचच खोकायला लागले. मास्तर मात्र खूश झाले. "बराबर," ते म्हणाले, "पण दारातून निम्माच. बाकीचा निम्मा तुमच्या डोळ्यांत जाऊन राह्यला." मग ते जेवायला बसले. भाजी कशी झाली होती, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

धूरमास्तर हे नाव मी ठेवलं असं आमचे हे सगळ्यांना सांगत. ते खोटं आहे. नाव ठेवलं जुन्या जालन्यातल्या बायकांनी. मी फक्त ते शाळेपर्यंत पोचवलं. संध्याकाळी मास्तर फिरायला निघाले की ज्या घरातून धूर दाटून येताना दिसेल त्या घरापुढे थांबत आणि चौकशी सुरू करत. चूल कोणत्या भिंतीला आहे, जळण काय, तुराट्या की गोवऱ्या, माळवदाला सवणं, म्हणजे धूर जायला भोक, ठेवलंय की नाही. धान्याच्या अडतीमागे राहणाऱ्या एका आजींना वाटलं, नगरपालिकेनं आता धुरावर पट्टी बसवली आणि हा माणूस मोजायला आलाय. त्यांनी भर चुलीवर तांब्या ओतला आणि "आमच्यात चूल पेटतच न्हाई" असं सांगून मोकळ्या झाल्या. मास्तरांना त्याचं फार वाईट वाटलं. मला हसू आवरेना.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरची ती वर्षं. जालन्यात नवी तांत्रिक शाळा निघाली होती. शाळा म्हणजे कापसाच्या एका बंद जिनिंगचं गोदाम. तुळयांना कापसाचे पुंजके अजून लटकत असत, आणि खाली पोरं लेथ चालवायला, पत्रा ठोकायला, ऑइल इंजिन खोलायला शिकत. आमचे हे तिथे ड्रॉइंग शिकवत. आम्हाला राहायला गोदामाला लागूनच दोन खोल्या दिल्या होत्या, म्हणून शाळेतली कुठलीही भानगड आधी माझ्या दारावरून जायची. मास्तर इंजिनं आणि यंत्रशास्त्र शिकवत. ते हैदराबादला इंजिनियर झालेले, तेही उर्दूतून. त्यामुळे वर्गात वाफेला भाप म्हणत, उष्णतेला हरारत, आणि पोरगं चुकलं की "बिलकुल गलत, बस खाली." उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक लोखंडी फूटपट्टी. त्यांच्या बरोबरीचे लोक कालव्यांवर आणि रस्त्यांवर साहेब होऊन बंगल्यांत राहात होते. मास्तर आमच्या शाळेत आले आणि एका सुताराच्या माडीवर खोली घेऊन राहिले. लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हणायचे, लग्न झालं नाही म्हणून झालाय.

लग्न का झालं नाही, हे मला कळायला बरेच महिने लागले. मास्तर कुंभार पिंपळगावचे. वडील लहानपणीच गेले. आईनं तुराट्या, पळाट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात बसून स्वतःच्या घराच्या आणि शेजारी राहणाऱ्या पुतण्याच्या घराच्या, अशा दोन्हीकडच्या भाकऱ्या थापल्या आणि त्यातच पोराला शिकवलं. आता तिचे डोळे कायम लाल असत, पाणी गळत असे, आणि लेक दारात उभा राहिला तरी तो बोलेपर्यंत तिला ओळखू येत नसे. "हैदराबादहून डिग्री घेऊन गेल्तो," मास्तर एकदा मला म्हणाले, "दारात उभा राह्यलो. माय म्हणती, कोण हाय? आमचा लेक हैदराबादला असतो, तुमचं काय काम?" त्याच दिवशी त्यांनी आईला सांगून टाकलं, आधी तुला बिनधुराची चूल करून देतो, मग लग्नाचं बघू, त्या धुरात आणखी एका बाईला आणून बसवणार नाही. आईनं कपाळावर हात मारला. "धूर जायचा तवा जाईल," ती म्हणाली, "सून कवा येईल?"

घरोघरी मातीच्या चुली, असं कुणी त्यांच्यासमोर म्हटलं की संपलं. म्हणणारा बिचारा आपल्या भावाभावांतल्या भांडणाबद्दल बोलत असायचा. मास्तर त्याला थांबवून म्हणत, "अहो, तेच तर दुखणं हाय." पुढे अर्धा तास त्या गृहस्थाला भांडणाचा विसर पडायचा.

बिनधुराच्या चुलीसाठी त्यांनी निवडलं होतं शेण. शेण पाण्यात कालवून बंद विहिरीत कुजवलं की त्यातून जळणारा वायू निघतो, तो लोखंडी टाकीत धरायचा आणि नळीनं चुलीपर्यंत आणायचा. आज हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तेव्हा ते ऐकून लोक मास्तरांच्या तोंडाकडे बघत. शाळेच्या मागच्या अंगणात त्यांनी विटांची गोल विहीर बांधायला घेतली आणि जमवलेलं शेण घमेल्यानं मोजून आत टाकायचं काम पोरांवर सोपवलं. "आधी मोज, मंग बोल," हे त्यांचं पालुपद. शेण किती, पाणी किती, ऊन किती, सगळं मोजायचं. पोरं वैतागली. शेणातून सुटायला म्हणून तर ती गाव सोडून जालन्याला आली होती. एका पोराचा बाप त्याच्या गावाहून खास विचारायला आला. "मास्तर, पोराला इंजिन शिकायला धाडलं आन् हा हितंबी शेणच कालवून राह्यला."

"काका, ते शेण न्हाई. ते इंधन हाय," मास्तर म्हणाले.

"आसंल," बाप म्हणाला, "पर इंधनाला वास शेणाचा काहून येऊन राह्यला?"

वास होताच. वारा फिरला की तो सरळ माझ्या स्वयंपाकघरात यायचा, आणि मी पदर नाकाला लावून यांच्या विद्वान मित्राचा उद्धार करायचे.

टाकी पोरांनी पत्रे रिव्हेट मारून स्वतः बनवली. म्हणजे ती चाळणीसारखी गळणार हे ठरलेलंच. मास्तर माझ्याकडून रिठे मागून नेत, त्यांचं फेसाचं पाणी सांध्यांना लावत, आणि जिथे बुडबुडा येईल तिथे खडूनं फुली मारत. टाकीभर फुल्या झाल्या. माझे न्हाण्याचे रिठे संपले. सांधे पुन्हा ठोकले, पुन्हा रिठे, पुन्हा फुल्या. शेवटी एकदाची टाकी उलट्या भांड्यासारखी शेणपाण्यावर तरंगायला लागली. आत वायू भरला की ती वर उचलली जायची, वापरला की खाली बसायची. तिला तशी वर येताना पाहून मास्तरांचा चेहरा नातू पहिलं पाऊल टाकताना बघणाऱ्या आजोबासारखा व्हायचा.

पहिली ज्योत पेटवली ती भर दुपारी, सगळी शाळा गोळा करून. मास्तरांनी काडी लावली, बाजूला झाले आणि म्हणाले, "बघा." सगळ्यांनी बघितलं. काहीच दिसेना. त्या वायूची ज्योत इतकी फिकट निळी की उन्हात तिचा पत्ताच लागत नव्हता. आमचे सुपरिंटेंडंट साहेब चष्मा पुसून पुढे वाकले. "कुठंय? मला तर काही दिसत न्हाई," असं म्हणता म्हणता त्यांच्या उपरण्याच्या टोकाला दिसलं. पोरांनी बादलीभर पाणी मारलं ते साहेबांवर. मास्तर मात्र त्या गोंधळात साहेबांना समजावत होते की उपरणं किती जल्दी पेटलं त्यावरून हरारत केवढी आहे ते लक्षात घ्या.

त्यानंतर चाचण्या सुरू झाल्या. मास्तर ज्योतीवर पाणी उकळत. पातेलंभर पाणी किती वेळात उकळलं, टाकी किती खाली आली, फूटपट्टीनं मोजायचं, की झालं. पाणी उकळलं, मग माझ्या हातचा चहा झाला, वरण झालं, भात झाला. मी स्वतः त्या भाताची खीर केली आणि सगळ्यांनी खाल्ली. मास्तरांची खात्री पटली की चूल तयार आहे. औरंगाबादहून मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. त्यासाठी आईला पिंपळगावहून आणायचं आणि त्या दिवशी पहिली भाकरी तिच्या हातची करायची, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, "मास्तर, आधी मी एकदा करून बघते ना भाकरी." तर म्हणाले, "न्हाई वहिनी. पहिली मायची." मग मी काढलेली परात परत ठेवून दिली.

मावशी, म्हणजे मास्तरांच्या आई, आदल्या दिवशी आल्या. ठेंगण्या, काटक, लेकाला नवं घेऊन द्यायची ऐपत आली तरी जुन्याच विरलेल्या लुगड्यातल्या. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तूच का ती, माझ्या लेकाला बोलून घेती ती? बोलत जा. त्याला कुणीतरी पाह्यजे." रात्री त्यांनी मला हळूच विचारलं, त्या चुलीत जळण कोणत्या बाजूनं घालायचं. जळण घालायचंच नाही म्हटल्यावर त्या बराच वेळ विचार करत पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव, खुर्च्या, मोठे साहेब, त्यांच्यामागे छोटे साहेब. मावशी चुलीपुढे बसल्या. परात पुढे ओढली, पीठ मळलं आणि डोळे भलतीकडेच असताना अशी भाकरी थापली की कंपासनं काढावी. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. सगळं बराबर. मग त्यांनी तवा खाली उतरवला, भाकरी दोन बोटांत धरली आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकून उभी करायला हात पुढे नेला. जन्मभर तो हात तसाच जात आला होता. निखारे नव्हते. हात तसाच हवेत राहिला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "निखारे कुठंयत?"

आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मास्तरांनी जन्मात पाणी सोडून काही शिजवलं नव्हतं, आमचे हे भाकरी ताटात आल्यावरच ओळखत, आणि मी, जी रोज दोन वेळा भाकरी निखाऱ्याला लावत होते, तिलाही खीर करताना निखाऱ्यांची आठवण झाली नव्हती. रोजचं काम हात करतात, डोक्याला ते कुठे कळतं.

"ज्योतीवरच धर माय," मास्तर म्हणाले. मावशींनी हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. निखारा त्यांना लाल दिसायचा, त्याची ऊब गालावर कळायची. ही ज्योत तर चांगल्या डोळ्यांनाही दिसत नव्हती. "आग हाय कुठं, तेच समजना," त्या पुटपुटल्या. शेवटी मास्तरांनी स्वतः चिमट्यात भाकरी धरली. आता माझी सून भाकरी सरळ गॅसवर टाकते आणि ती टम्म फुगते. पण तेव्हाची ती ज्योत म्हणजे नळीच्या तोंडाशी लपलपणारी एक जीभ. मधे काळा डाग पडला, कडा कच्च्या राहिल्या, आणि भाकरी काही फुगली नाही.

मावशींनी ती लेकाच्या हातातून घेतली. "धूर न्हाई, राख न्हाई, निखारा न्हाई," त्या म्हणाल्या, "बाळा, ही चूल हाय का देव्हारा?" साहेब लोक मोठ्यानं हसले. त्या हसण्यानंच बहुतेक त्यांना कळलं की आपण काय बोलून गेलो. त्यांनी लगेच भाकरीचा कच्चा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पर लागती बरी. लई बरी लागती." सगळी भाकरी त्यांनी खाल्ली. मोठ्या साहेबांनी चहाची तारीफ केली आणि गेले. सुपरिंटेंडंट साहेबांनी उपरण्याची आठवण ठेवून सांगितलं की परीक्षा होईपर्यंत चालू द्या, मग तो खड्डा बुजवा.

त्यानंतर काही दिवस गल्लीतून जाताना मास्तर कुणाच्या दारात थांबेनात, हे पाहून बायकाच एकमेकींना विचारायला लागल्या की मास्तर आजारी आहेत का. मग एका सकाळी ते आमच्या दारात आले. हातात नवी परात, काखेत ज्वारीच्या पिठाची पिशवी. "वहिनी," म्हणाले, "भाकरी शिकवा."

त्यानंतरचे महिने मी आयुष्यात विसरणार नाही. एक इंजिनियर माझ्या चुलीपुढे मांडी घालून बसलाय आणि त्याची भाकरी परातीतून उचलली की तिचे दोन तुकडे होतायत. पीठ किती, पाणी किती, सगळं मोजून, तरी तुकडे. मी म्हणायचे, "मास्तर, हाताला विचारा, फूटपट्टीला नको." हळूहळू ती अखंड यायला लागली, पण गोल येईना. कधी वर शेपूट, कधी खाली कोपरा. आमचे हे अशा एका भाकरीकडे बघून म्हणाले, "हे तर हैदराबाद संस्थान आहे. खाऊन टाका, तसंही बरखास्त झालंय." मास्तर हसले, आणि खाल्लीही. पण भाकरी निखाऱ्याला लावली की ते अगदी जवळ वाकून बघत. निखारा भाकरीला शिवत नाही, शेजारी उभा राहून ऊब देतो. ती ऊब सगळीकडे सारखी लागते, आतल्या पाण्याची भाप होते, आणि पापुद्रा सुटतो. "म्हंजे मला ज्योत नको," एक दिवस ते ओरडले, "मला लाल झालेलं काहीतरी पाह्यजे!" माझ्या दुधाला विरजण लावायचं होतं, ते मी त्या ओरडण्यानं सांडलं.

लाल होणारं ते काहीतरी त्यांनी गावच्या कुंभाराकडून करून घेतलं. उभं राहणारं, अर्ध्या चंद्राच्या आकाराचं मातीचं खापर. ज्योतीसमोर ठेवलं की थोड्या वेळात ते लाल होऊन तापायचं आणि भाकरी त्याला टेकवायची. पहिली बरीच खापरं तडकली. पिंपळगावहून जालन्याला येणारा प्रत्येक माणूस धोतराच्या घोळात एक खापर सांभाळत यायचा. परीक्षा जवळ येत चालली तसे मास्तर वाळत चालले. शेवटी भुसा जास्त घातलेलं एक खापर टिकलं. त्या दिवशी त्यांनीच थापलेली, संस्थानाच्याच आकाराची भाकरी त्याला टेकून उभी राहिली आणि शेपटासकट टम्म फुगली. मास्तरांनी ती मोजली नाही. तशीच गरम फडक्यात बांधली आणि पिंपळगावची गाडी पकडायला धावले.

शाळेतला खड्डा बुजला नाही. पोरांना तो दाखवून इतकं काही शिकवता येत होतं की सुपरिंटेंडंट साहेबांनी पुढे तो विषय काढला नाही. पुढच्या सुट्टीत मास्तर पोरांना घेऊन गावी गेले आणि मावशींच्या पुतण्याच्या, म्हणजे त्यांच्या चुलतभावाच्या, नारायणच्या गोठ्यामागे तसंच सगळं बांधलं. मावशींच्या भाकऱ्या आता खापरावर व्हायच्या. ऊब गालाला लागायची, त्यामुळे हात चुकत नसे. पण तोवर डोळे जवळजवळ गेले होते. पहिल्या दिवशीच्या भाकरीनंतर त्या मास्तरांना म्हणाल्या, "आता सून आण. मला दिसत न्हाई, म्हंजे मी तिला नावंबी ठेवणार न्हाई."

मास्तरांनी मुकाट्यानं आणली. मुलींच्या शाळेतल्या एक बाई, वयानं मोठ्या, स्वभावानं करड्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नवऱ्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मावशींना जालन्याला राहायला बोलावलं तर आल्या नाहीत. "माझी चूल हितं हाय," म्हणाल्या.

पण मास्तरांच्या मनात एक काटा राहिला होता. आईनं साहेबांसमोर कच्ची भाकरी खाऊन "लई बरी लागती" म्हटलं होतं; तेव्हापासून आईच्या तारिफेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आपण गावी गेलो की गॅस पेटतो, आणि पाठ वळली की माय जुन्या चुलीपुढेच जाऊन बसते, असं त्यांना वाटायचं. लेकाचं मन राखायला ती काय वाटेल ते करील. "तिच्यापाशी दात घासायला राख कुठून येती, वहिनी?" ते मला विचारत. "गॅसला राख पडत न्हाई. मंग राख येती कुठून?" गावी गेले की भिंती हुंगत, तुळया बघत. मावशी म्हणत, "तुझ्याच चुलीवर करती रे बाबा." हे "करती" खरं की लाडाचं, ते त्यांना कळेना. विचारावं तर आईला खोटं ठरवल्यासारखं होणार. मी म्हणायचे, "मास्तर, सोडा आता." ते सोडत नसत.

बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात मावशी गेल्या. आम्ही दोघं नवराबायको तिसऱ्या दिवशी पोचलो. दोन्ही घरं भाऊबंदांची, म्हणून तिसऱ्या दिवसाचे विधी होईपर्यंत दोन्हीकडे चूल पेटवायची नव्हती. शेजारचे जेवण आणून देत होते. गॅसची शेगडी ही चूल धरायची की नाही यावर म्हाताऱ्यांचा खल झाला आणि आग ती आगच, असं ठरलं. मास्तर ओसरीवर बसले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच नारायण गोठ्यामागून घाईघाईनं आला.

"दादा, जरा चला. टाकी निघून चालली."

आम्ही मागे गेलो. टाकी पार वर आली होती. कडेनं शेणपाण्यातून बुडबुडे फुटत होते, मावेनासा झालेला वायू बाहेर पडत होता. शेण रोजच्यासारखं विहिरीत पडलं होतं. गड्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि शेणाला सुतक नसतं. नारायण घाबरला होता. "आजवर एवढी वर कवाच आल्ती न्हाई," तो सांगत होता, "काकूनं येऊच दिल्ती न्हाई. दोन्ही घरच्या भाकऱ्या, वरण, बाळंतिणीचं पाणीसुदिक तिच्यावरच. संध्याकाळपत्तुर टाकी तळाला. आम्हाला च्या पाह्यजे म्हणलं तर म्हणायची, आता गॅस सकाळी."

"आणि राख?" मास्तरांनी विचारलं.

"राख? ती आमच्या पाणी तापवायच्या चुलीतली नेयाची की."

मास्तर टाकीपाशी उभे राहिले. सवयीनं खिशातून फूटपट्टी काढली, टाकीच्या काठाला लावली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. त्यावरचे आकडे ते वाचत नव्हते. "मी तुळया हुंगत फिरलो, वहिनी," ते म्हणाले, "आन् मोजायचं हितं होतं. माय खरंच करायची." एवढं बोलून ते माणसांदेखत लहान पोरासारखे रडले.

दुपारी विधी उरकले, चूल पेटवायची वेळ झाली. नारायणची बायको पुढे झाली तर मास्तर म्हणाले, "मी करतो." त्यांच्या बायकोनं या वेळी कडी घातली नाही. ते मावशींच्या पाटावर बसले, शेगडी पेटवली, खापर लाल होऊ दिलं, पीठ मळलं. भाकरी थापली. इतक्या वर्षांनंतरही तिला शेपूट होतंच. मी म्हणणार होते, मास्तर, अजून संस्थान गेलं नाही का हो. पण ती भाकरी खापराला टेकून उभी राहिली आणि फुगली, आणि मला मावशींचा तो हवेत राहिलेला हात आठवला. मी पदर डोळ्यांना लावला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं वहिनी? धूर?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी लगेच मान वर केली. वर जुन्याच काळ्या तुळया होत्या, आणि सवण्यातून नुसतं ऊन खाली येत होतं.